पट्टीवरची तारीख

लेकीला इस्पितळात ठेवलं की लांज्याच्या त्या सिस्टरशी माझं वाजायचंच. सलाईनची सुई टोचली की सिस्टर वरच्या चिकटपट्टीवर तारीख घालायच्या आणि तिसऱ्या दिवशी, सलाईन नीट चालू असलं तरी, सुई काढून दुसऱ्या हाताला टोचायच्या. "झालंच गो बाय," म्हणत शीर शोधायच्या, पण ते लवकर कधी व्हायचं नाही. लेक रडून लाल व्हायची. मी भांडले की एकच उत्तर, "नियम आहे, वहिनी."

एकदा वैतागून मीच ती तारीख गिरवून एक दिवस पुढे ढकलली. त्यांच्या ते लगेच लक्षात आलं. त्यांनी लेकीचा हात चाचपला. सूज नव्हती. मग नवी पट्टी लावून माझीच खोटी तारीख स्वतः लिहिली.

"डॉक्टरांनी विचारलं तर अक्षर माझं असूं दे."