पेत्राची सासू आणि गरम पाण्याची पिशवी

बटणमावशींचा ताप पहाटेच उतरला होता. पण ही गोष्ट अजून घरात कुणाला कळली नव्हती आणि कळू द्यायचा मावशींचा विचारही नव्हता. स्वयंपाकघरात लेकीची आदळआपट चालली होती. हरवलेल्या एका मोज्यापायी जावयांनी घर डोक्यावर घेतलं होतं. मावशी मात्र पांघरुणात पाय ताणून, दुसऱ्याच्या हातचा चहा कधी येतो याची वाट पाहत ऐटीत पडल्या होत्या.

शिवणकाम करून त्यांनी लेकीला वाढवलं. कुणाचं बटण लोंबताना दिसलं की माणसाला वाटेतच उभं करून टाके घालायच्या. चर्चमधल्या एका लग्नात तर पाळकसाहेब वचनं म्हणवून घेत होते आणि मावशी नवऱ्यामुलाच्या बाहीशी दातांनी दोरा तोडत होत्या! घरातही तेच. आधी सगळ्यांचं, मग आपलं. त्यांच्या वाट्याचा चहा थंडगार, वर साय धरलेला. तो त्या उभ्यानेच गिळायच्या.

एवढ्यात दारावर टकटक झाली.

जावयांनी दार उघडलं. पाळकसाहेब, नर्सबाई आणि खर्जकाका मावशींसाठी प्रार्थना करायला आले होते. खर्जकाका चर्चच्या गायनात खालचा सूर धरायचे. आवाज जड, आणि काका त्याहून जड.

नर्सबाईंचा आवाज ऐकून मावशींनी ताणलेले पाय आखडून घेतले. दवाखान्यात जन्म घालवलेली बाई, हात लावताच ओळखणार! कंबर शेकायची गरम पाण्याची पिशवी त्यांनी घाईघाईने कपाळावर दाबली आणि पावलं जवळ येताच पांघरुणात सरकवली.

"अगं बाई! कपाळ आहे की तवा?" नर्सबाई दचकल्या.

"ताप उलटलाय," मावशी क्षीण आवाजात म्हणाल्या. "उठवत नाही हो. घोटभर चहा मात्र घेईन."

पाळकसाहेबांनी बायबल उघडलं. "आजचा उतारा जावईबापूंनीच सुचवलाय. पेत्राच्या सासूचा."

मावशींना तो झोपेत विचारला तरी आला असता. इतकी वर्षं त्यांनी रविवारच्या शाळेत मुलांना तोच शिकवला होता. प्रभू येशू आपल्या कोळी शिष्यांबरोबर त्यांच्यातल्याच पेत्राच्या घरी आला, तर सासू तापाने पडलेली, प्रभूने तिचा हात धरून उठवलं, ताप गेला, ती उठून पाहुण्यांचं करू लागली.

"आमेन!" जावई नेमके 'करू लागली'वर गरजले. सगळ्यांच्या नजरा मावशींकडे वळल्या.

अंथरुणात पडून हा उतारा मावशी प्रथमच ऐकत होत्या. चार दांडगे कोळी घरात, आणि चुलीशी कोण, तर नुकती तापातून उठलेली म्हातारी!

तेवढ्यात गाणं सुरू करायला म्हणून खर्जकाका पलंगाच्या कडेवर टेकले.

फुस्स!

काका ताडकन उठले. पँट मागून ओलीचिंब. लोकांनी आधी काकांकडे पाहिलं, मग मावशींकडे, मग शिष्टाचार म्हणून छताकडे. नर्सबाईंनी पांघरूण उचलून फुटकी पिशवी दोन बोटांत वर धरली.

"ताप सापडला," त्या म्हणाल्या.

"आई! नाटक करत होतीस?" लेक चहाचा कप घेऊन दारातच थिजली.

"करत होते," मावशी उठून बसल्या. "पाळकसाहेब, एक विचारू? हाच पेत्र पुढे रात्रभर जाळी टाकून किनाऱ्यावर येतो, तेव्हा निखारे कुणी पेटवलेले असतात?"

"प्रभूने."

"मासे कुणी भाजले? या, खाऊन घ्या, असं कुणी म्हटलं?"

"प्रभूनेच," पाळकसाहेब हनुवटी खाजवू लागले.

"हातांवर क्रुसाच्या खिळ्यांच्या जखमा, आणि त्या हातांनी पेत्राला न्याहारी! दोन्ही गोष्टी मी मुलांना शिकवल्या, पण वेगवेगळ्या रविवारी. आज पडल्या पडल्या त्या एकमेकींशेजारी येऊन बसल्या. सासूबाईंनी वाढलेलं प्रभू विसरला नव्हता हो. आणि तिला त्याने हात धरून उठवलं होतं, आमेन म्हणून नाही."

खर्जकाकांना खोकल्याच्या निमित्ताने हसू लपवावं लागलं.

"पण आई, आधी सांगायचंत ना," जावई कान पकडत म्हणाले.

"सांगायला उभी राहिले की हातात झारा येतो, जावईबापू. काका, जरा पाठ करा. मागच्या खिशाचं बटण लोंबतंय." मावशींनी उशीत टोचलेली सुई काढलीसुद्धा.

"ते राहू द्या!" जावयांनी सुई काढून घेतली. "तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

मावशींनी लेकीच्या हातातल्या कपाकडे पाहिलं. बोलण्याच्या नादात त्यावर साय धरली होती.

"चहा," त्या म्हणाल्या. "गरम. सगळ्यांच्या आधी."