गरम हवेचं तोंड

चूक माझी होती, आणि मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असूनही केली. जुन्या व्हॅनमध्ये झोपायची सोय करून बायकोला हिमाचलला न्यायचं होतं. डिझेल हीटर बसवायला परळीच्या एका मिस्त्रीचाचांकडे गेलो. गरम हवेचं तोंड छताजवळ ठेवा, असं बजावलं. तिथे ते पाहुण्यांच्या नजरेत भरलं असतं.

चाचांनी हात पुसले आणि व्हॅनमध्ये अगरबत्ती लावली. धूर सरळ छताला गेला.

"सर, खालीच बसवू. गरम हवा लई शिकलेल्या माणसावानी असती. वरच राहती, खाली बगत न्हाई."

"चाचा, मी हेच शिकवतो," मी म्हणालो आणि तोंड वरच बसवून घेतलं.

पहाडात माझं टक्कल भाजलं आणि बायकोचे पाय गारठले. परतल्यावर मी गावभर सांगितलं, की चाचांना काम येत नाही. प्राध्यापक खोटं कशाला बोलेल? त्यांची गिऱ्हाइकं तुटू लागली.

शेवटी बायकोनेच मला गॅरेजात नेलं. तिथे चारजण बसले होते. चाचा माझ्याकडे न बघता पाना फिरवत राहिले.

"यांनी तोंड खालीच बसवू म्हटलं होतं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "हट्ट माझा होता आणि बदनामी यांची केली. चाचा, मला माफ करा."