सामोआने वगळलेला शुक्रवार

मंडळी, आपल्या ग्रुपवर रोजच्यासारखी आजची माहिती मी सकाळी टाकलीच होती, पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांची. शेजारी देशांच्या तारखेशी जुळवून घ्यायला या बेटांनी एकदा कॅलेंडरमधला अख्खा शुक्रवारच काढून टाकला. लोक गुरुवारी झोपले आणि थेट शनिवारी उठले.

दुपारी भडगावला दारावर बसायला, म्हणजे सांत्वनाला गेलो. आमच्या जुन्या शेजारीण अक्का, त्यांचा लेक गेल्या शुक्रवारी ट्रकखाली गेला. मला मेल्याला गप्प बसवत नाही, मी हीच माहिती सांगून बसलो.

अक्कांनी मान वर केली. "तठे त्या दिन कोनीच मरनं नही?"

"कोणीच नाही, अक्का."

"मंग आपला शुक्रवार का नही काढा रे कोनी?"

मी चपला घालून निघून आलो. कोणाला उत्तर सुचलं तर इथं टाकू नका. अक्कांना जाऊन सांगा.