कॅमेऱ्याला तोंड दाखवणारे गृहस्थ

गाझियाबादच्या मेट्रो स्टेशनवर रोज दिसणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात स्टीलचा डबा. प्रत्येक सीसीटीव्ही कॅमेऱ्याखाली ते थांबायचे, चष्मा काढायचे, पासपोर्टच्या फोटोसाठी करतात तसं तोंड सरळ वर करायचे आणि मग पुढे निघायचे. थंडीत मफलरसुद्धा सोडायचे. मला वाटलं, केस नीट करत असतील. पण केस फारसे नव्हतेच.

एकदा गाडीला उशीर होता, म्हणून विचारलं.

"मर्डर केस में अंदर था," ते बदलीची ऑर्डर सांगावी तसं म्हणाले. खून झाला तेव्हा ते घरी झोपले होते. बायकोनं कोर्टात तसं सांगितलंही. पण बायको काय, नवऱ्याच्या बाजूनंच बोलणार, असं कोर्टाला वाटलं. पुढे एका वकीलबाईंनी फुकट अपील लढवून त्यांना निर्दोष सोडवलं. तोवर अकरा वर्षं गेली होती.

"अब छुट्टी के दिन भी मेट्रो में बैठता हूँ. रिकॉर्डिंग होती है."

मी कुठे होतो हे मला आजवर फक्त ऑफिसच्या हजेरी मशीनला सांगावं लागलंय.

मध्यंतरी एक दिवस मी ऑफिसला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी ते घाईघाईनं माझ्याकडे आले.

"कल कहाँ थे?"

"घर पे. बुखार था, दिनभर सोया."

त्यांचा चेहरा उतरला. "किसी ने देखा?"

"वाइफ थी ना."

त्यांनी मला हाताला धरून कॅमेऱ्याखाली नेलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "वाइफ के अलावा?"