तासगावच्या आबांची गाडी

वर्कशॉपात लोखंडाचा कीस रोज झाडतो, तरी दुसऱ्या दिवशी तेवढाच असतो. किस्स्यांचंही तसंच! माधवनगरला जुन्या गाड्यांची इंजिनं बांधता बांधता ढीग साठलाय. लोक ऐकून हसतात. मला मात्र एका गाडीपाशी आलं की हसू येत नाही.

ती तासगावच्या सुभेदार आबांची. मिलिटरीतून रिटायर झालेला माणूस. जुनी विलायती गाडी, बेदाण्याच्या शेडमध्ये कित्येक वर्षं पडून. आबा म्हणाले, "आमच्या मंडळीला एकदा ह्या गाडीनं आटपाडीला, माहेरी जायचंय. डॉक्टरनं हात टेकलेत. लवकर करा."

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, खोललं. वाकडं! मशीनवर घासून सपाट करावं, तर आधीच्या प्रत्येक मेकॅनिकनं तेच केलेलं. आमचे मिस्त्री दस्तगीरमामा माप घेऊन म्हणाले, "आजून एक हात मारला, तर ह्येचा पापड व्हतोय!"

•

दुसरं हेड साताऱ्यात एका भंगारवाल्याकडं सापडलं. दुकानाचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावलेलं! "न्या की," तो म्हणाला, "पण माझं दार?"

आमचं झिजलेलं हेड त्याच्या दाराला लावून आलो.

•

पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडर आतून कातून बोर करायचा नाही, हा मामांचा नियम. शिव्या घालून शिकवलाय मला! या वेळी घाईत त्यांनीच आधी बोर करून ठेवला. पार्सल आलं, पिस्टन बारीक. वरून सोडला, तो कुठं न अडकता खाली टण्णकन पडला!

"नवरदेव बघायच्या आधीच शेरवानी शिवलीसा, मामा!" मी ओरडलो.

मामा खालीच बघत होते. "त्या माउलीला येळ न्हाई, म्हणून केलं रं."

आता आत स्लीव्हची नवी नळी ठोकून पुन्हा बोरिंग. जीव नकोसा झाला.

•

पिस्टन बसवले त्या दिवशी आबांचा फोन. "ही इचारतीया, पिस्टनवरचा बाण इंजिनाच्या पुढच्या अंगाला केलाय न्हवं?"

मामा फुगले. "आता आमाला घरातनं शिकवा!" मग हळूच वाकून बघितलं. एक उलटा होता!

"केलाय म्हणून सांग," मामा पुटपुटले आणि पाना उचलला.

•

हेड आवळायचं तेवढं राहिलं होतं, आणि आबांच्या घरनं निरोप आला, काकी गेल्या.

आम्ही काम बंदच केलं. कुणासाठी करायचं? तेरावं उरकून आबा दारात उभे. "थांबलासा का? पुरं करा."

पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं. इतका गोड आवाज, की मामा रडायलाच लागले. मलाही आवरेना.

आबांना म्हटलं, बसा. त्यांनी डावीकडचं दार उघडलं, आत बसले, हातातली पिशवी मांडीवर घेतली आणि समोर बघत राहिले.

"आवं आबा, इकडनं बसा की! गाडी चालवायची हाय न्हवं?"

"मला कुठं येतीया? कायम तीच चालवायची."