कडूभाऊच्या बाजूचे दात

आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून आईबापाने याचं नाव कडू ठेवलं. कोणाची नजर लागू नये एवढाच हेतू. नजर लागली नाही, पण लकव्याने बरोबर घर शोधून काढलं. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. करवतीला धार लावणाऱ्या माणसाचं याहून वाईट काय व्हायचं, ते मला कोणीतरी सांगावं.

मी सुतार. नदीवरच्या राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर कडूभाऊची टपरी, आणि माझ्या करवतींना आजवर दुसऱ्या कोणाची कानस लागलेली नाही. हल्ली बाजारात तयार करवती मिळतात, दात बोथट झाले की फेकून द्यायच्या. त्या बघितल्या की माझं डोकं फिरतं. कडूभाऊ आधी लाकूड कोणतं ते विचारायचा. ओली बाभूळ असेल तर दात मोठे आणि मधल्या खाचा खोल, म्हणजे भुसा अडकत नाही. वाळलेलं सागवान असेल तर दात बारीक. मग खरं काम सुरू व्हायचं. एक दात किंचित डावीकडे वाकवायचा, पुढचा उजवीकडे, परत डावीकडे. त्यामुळे काप पात्यापेक्षा जरा रुंद पडतो आणि करवत मोकळी फिरते. दात सरळ ठेवले तर कितीही धार असू द्या, लाकूड पातं धरून बसतं.

त्याच्या बायकोला, धुरपदाबाईला, यातलं काही ठाऊक नव्हतं. औजारांना दुसऱ्याचा हात लागलेला कडूभाऊला खपत नसे. ती डबा ठेवायची आणि परत फिरायची. मूलबाळ नाही. टपरी बंद पडली तर तिला धूलकोटला भावाच्या घरी जाऊन राहावं लागणार होतं, आणि तिथे भावजय तिचं काय करील हे तिलाही माहीत होतं आणि नवऱ्यालाही. म्हणून कडूभाऊने खाटेवरून तिला शिकवायला घेतलं.

शिकवणार कसं? त्याच्या वडिलांची एक जुनी करवत होती. तो डाव्या हाताने करवतीच्या दाताकडे बोट दाखवायचा आणि धुरपदाबाई तसाच दात कानसायची. चुकलं की तो खाटेचं लाकूड बडवायचा. कधी तो रडायचा, कधी ती कानस फेकून बाहेर जायची आणि डोळे पुसून परत यायची. पाऊस सरता सरता तिला धार जमली. वाकवणं तेवढं राहिलं होतं; तिचं सगळं लक्ष धारेवर, दात मुद्दाम वाकवतात हे तिच्या गावीही नव्हतं.

तेवढ्यात खंडेनवमी आली.

पूजेसाठी तिने भिंतीवरच्या करवती उतरवल्या, रॉकेलने पुसल्या, आणि तिला दिसलं की दात इकडेतिकडे वाकलेत. इतके महिने धन्याचा हात लागला नाही, करवती एकमेकींवर आपटून वाकले असतील, असं तिला वाटलं. पूजेला वाकडं हत्यार कसं मांडायचं? कडूभाऊ आत झोपलेला होता. तिने ऐरण घेतली, लहान हातोडी घेतली, आणि एकेक दात ठोकून सरळ केला. सगळ्या करवतींचे केले, धारेला आलेल्या माझ्याही त्यात होत्या. सासऱ्याची करवत मानाची म्हणून ती सगळ्यात आधी केली. मग हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली आणि नवऱ्याला धरून बाहेर आणलं.

मी नेमका तेव्हाच दारात पोचलो. कडूभाऊच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला पुन्हा ऐकायचा नाही. तिला आधी वाटलं, तो खूश झाला. मी करवत पाहिली आणि तिच्यावर ओरडलो. दात मुद्दाम वाकवलेले असतात, एक इकडे, एक तिकडे, आणि आता बघून शिकायला एकही उरला नाही, हे सगळं मी तिला सणाच्या दिवशी सुनावलं.

"मले काय मालूम, नंदूभाऊ," ती म्हणाली. "मले वाटलं, बिना धन्याचे वाकले."

पुढचे दिवस वाईट गेले. कडूभाऊने जेवण सोडलं. दात किती वाकवायचे आणि कुठून, हे मला, नुसत्या वापरणाऱ्याला, काय कळणार? ती अंदाजाने पकडीने वाकवायची आणि दात मुळातून तुटायचे. तिचा भाऊ वामन येऊन तिला न्यायचं बोलून गेला. ती हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

मग एका सकाळी, माझ्यासमोर, कडूभाऊने डाव्या हाताने तिचा हात ओढून घेतला. आपली चार बोटं तिच्या बोटांत अडकवली, एक त्याचं, एक तिचं, सगळी उभी. आपल्या बोटांचं फक्त वरचं पेर त्याने स्वतःकडे वाकवलं आणि तिच्याकडे बघत राहिला. तिने घाबरत आपली पेरं दुसरीकडे वाकवली, अगदी जराशी. मुळापासून नाही, नुसतं टोक. तिला कळलं. त्याने हात सोडला नाही, आणि मी, ज्याला कुठेच थांबायला जमत नाही, उभा राहिलो.

तुळशीच्या लग्नाआधी तो गेला.

तिने टपरी उघडली. आता दात तुटत नव्हते, पण करवत रेघेवर चालेना, एका बाजूला ओढायची. दोघातिघा सुतारांनी तयार करवती घेतल्या. वामन गाठोडं बांधायला परत आला. मी करवत उजेडात धरली. एका बाजूचे दात जास्त वाकले होते. त्या दिवशी त्याने आपली पेरं जास्त वाकवली होती, हिने भीत भीत कमी, आणि हिने दोन्ही जसंच्या तसं उतरवलं होतं.

मी तिला सांगितलं, दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत, ही बाजू कमी कर.

"हे त्यायचे दात हायेत," ती म्हणाली. "त्यायनी दाखवलं ते कमी करू?"

इतका रागीट माणूस मी, पण करवत तिच्यापुढे ठेवून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी तिने करवत माझ्या हातात दिली. मी तिथेच बाभळीच्या ओंडक्यावर चालवली. ओढायला जड, भुसा ढिगाने, पण काप रेघेवरून हलला नाही. बाकावर बसलेला वामन उठून जवळ आला आणि काप बघू लागला. मी तिला म्हणालो, शेवटी कमी केलेस ना.

"त्यायचे नाही कमी केले, नंदूभाऊ," धुरपदाबाई म्हणाली. "माहे वाढवले."