उपवासातला आलेलुया

मोझेल नदीकाठच्या ख्रिस्ती मठात प्रार्थनेचा पहिला सूर लावायचा मान रिख्लिंडाचा. तिने सूर लावला की मग बाकीच्या संन्यासिनी मागोमाग गायच्या. पोथी तिला कधी लागली नाही. वर्षभराची सगळी स्तोत्रं तोंडपाठ. गिस्ला मठात आली ती दुधाचे दात पडायच्या वयात. तिला रिख्लिंडानेच शिकवलं, अगदी श्वास कुठे घ्यायचा इथपर्यंत. अस्तनीतला निखारा पोळेपर्यंत कळत नाही, हेच खरं.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात आलेलुया म्हणायचा नाही. तो आनंदाचा शब्द, त्याला ईस्टरपर्यंत बंदी. त्या वर्षी उपवास लागून आठवडा झाला असेल, आणि रिख्लिंडाने सकाळच्या प्रार्थनेत मोकळ्या गळ्याने आलेलुया सुरू केला. वय झालं होतं, दुसरं काय! मागून कुणाचाच आवाज येईना, तेव्हा तिला चूक उमगली. रीतीप्रमाणे तिने तिथल्या तिथे वाकून जमिनीला हात लावला. एवढ्यावर मिटायला हवं होतं.

पण थोड्याच दिवसांनी पुन्हा तेच झालं. रोज सकाळी सगळ्याजणी जमून एकमेकींचे दोष सांगत, तिथे गिस्ला उभी राहिली.

"माई, रिख्लिंडाअक्कांना आता दिवस कळत नाहीत," ती मठमातेला म्हणाली. "मला वाईट वाटतं, पण देवाच्या सेवेत खोट नको."

वाईट वाटत होतं म्हणे! मठमातेने पहिला सूर गिस्लाकडे दिला. वर म्हातारीला बजावलं, की पुन्हा तो शब्द तोंडातून निघाला तर गाणाऱ्यांतली जागाही जाईल, मग आजाऱ्यांच्या खोलीत पडून राहायचं.

त्या जागेपलीकडे रिख्लिंडाला आयुष्यच नव्हतं. तिने धसका घेतला. प्रत्येक स्तोत्राआधी ती शेजारच्या ओडाची बाही ओढून विचारायची, यात तो शब्द नाही ना? नुसती शंका आली तरी ओठ घट्ट मिटून घ्यायची. तरण्या पोरी तिची नक्कल करून हसायच्या.

ईस्टरची पहाट झाली. मेणबत्त्या लागल्या, गिस्लाने आलेलुया सुरू केला आणि सगळं चर्च दुमदुमलं. रिख्लिंडा तेवढी ओठ मिटून उभी.

ओडाने तिला कोपराने ढोसलं. "म्हणा की अक्का. ईस्टर आहे आज."

"फसवू नकोस गं मला," रिख्लिंडा म्हणाली. "आणि त्या गिस्लाला कुणीतरी गप्प करा. पोर चुकतेय. तिलाही काढतील."